शोषखड्डा आणि आतली कडी

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा आईने ते पूर्वीसारखे चालू लागावेत म्हणून नवस बोलला होता. मीही देवापुढे उभी राहून काहीबाही मागून आले होते. बाबांची मागणी आमच्या दोघींच्या मागण्यांपेक्षा फारच लहान निघाली. त्यांना एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरीच्या पार टोकाला सगळ्या मजल्याचे सामाईक संडास. बाबांना तिथपर्यंत जाता येईना, आणि गेलेच तर उकिडवं बसता येईना. मग एका लाकडी खुर्चीला भोक पाडून घेतलं, खाली भांडं ठेवलं आणि मधल्या दाराला आईची जुनी साडी आडवी बांधली. साडीच्या अलीकडे आमचा स्टोव्ह. चाळीत शेजारी सख्खे, कुणीही कधीही आत यायचं. बाबा म्हणजे घरातसुद्धा नुसत्या बंडीवर कधी न बसलेला माणूस. रोज सकाळी खुर्चीकडे जाण्याआधी ते मला एकच सांगायचे, "रेडिओ लाव. जरा मोठा." मी लावायची. बातम्या असोत की शेतकऱ्यांसाठी हवामान, आम्ही दोघी पाठ करून उभ्या राहायचो आणि मोठ्या आवाजात भाजी कोणती करायची ते ठरवायचो.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीच्या आधी एका सहकाऱ्याच्या नादाने त्यांनी खडवलीला, स्टेशनपासून बऱ्यापैकी आत, जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन ठेवला होता. आईने तेव्हा त्यांना "काय तिथे चित्रं काढणार आहात का?" असं विचारलं होतं. आता त्याच तुकड्यावर दोन खोल्यांचं बैठं घर बांधायचं आणि घरातच कमोड बसवायचा, असं आम्ही ठरवलं. जिने नाहीत, गॅलरी नाही, रेडिओ नाही.

मी ठाण्याला घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होते. सेप्टिक टँक माझ्या लेखी नकाशाच्या कोपऱ्यातला एक चौकोन, त्याच्या पुढे शोषखड्ड्याचं एक वर्तुळ. ते काढायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे. पण घर आपलं असलं की वर्तुळाच्या आत काय चाललंय त्याची काळजी लागते. टाकी कुठेही बांधता येते हो. टाकीतून निघालेलं पाणी जिरवायचं काम शेवटी जमिनीलाच करायचं असतं. जमीन ते प्यायली नाही तर ते अंगणात वर येतं, नाहीतर शेजारच्या विहिरीची वाट धरतं. खडवलीला शेजारी विहीर होती. गटार मात्र कोसभर नव्हतं. म्हणजे बाबांच्या दाराला कडी लागणार की नाही, हे तिथली माती ठरवणार होती.

आमचे साहेब म्हणाले, जमिनीची परीक्षा घ्यायची तर पावसाळा सरता सरता घे. उन्हाळ्यात भेगा पडलेली जमीन काहीही पिते आणि माणसाला फसवते. तेव्हा भाद्रपद लागला होता.

पहिल्यांदा मी नुसती माती आणायला गेले. आमच्या तुकड्याला लागून एका आजींचं घर होतं. तुकडाही एके काळी त्यांचाच, भाताचं खाचर. नऊवारीचा काष्टा, हातात विळा, आणि बोलणं असं खणखणीत की स्टेशनातून ऐकू यावं. मी कुदळीने वरची माती उकरून धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत भरायला लागले तशा त्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"माती कं नेतंस गो? तुमच्या डोंबिवलीन माती नाय?"

"बाबांना दाखवायचीय," मी म्हटलं. त्यांना ते एकदम पटलं. जमीन घेतलेल्या माणसाने माती बघायला मागावी, यात त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

घरी आईच्या स्टीलच्या ताटात मी ती माती ओतली. "ताट चुलीत गेलं," असं आई म्हणाली आणि वर आणखी एक ताट देऊन गेली. माती पाण्याने भिजवून मळायची, तिची बोटाएवढी वळी करायची आणि वळीचं कडं वाकवायचं. कडं मोडलं तर माती भुरभुरीत, पाणी सोडणारी. न मोडता गोल वळलं तर चिकण, पाणी धरून ठेवणारी. मी वळी केली, वाकवली. बांगडी व्हावी तसं सुरेख कडं झालं. मला रडूच यायला लागलं, पण बाबा समोर बसले होते.

"इकडे दे," ते म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने गोळा घेतला आणि उजव्या हाताच्या तळव्यावर ठेवला. त्या हाताची बोटं झटका आल्यापासून नुसती मिटलेली असायची. व्यायाम शिकवणारे गृहस्थ रबरी चेंडू देऊन गेले होते, तो बाबांनी पलंगाखाली ढकलून दिला होता. आता ओली माती तळव्याला लागली आणि अंगठा हलला. मग शेजारचं बोट. डाव्या हाताने धरायचं, उजव्याने दाबायचं, असं करत करत संध्याकाळपर्यंत ताटात एक जनावर उभं राहिलं. चार पाय होते, वशिंड होतं, डोकं मात्र जरा संशयास्पद. शाळेत पोळ्याला ते मुलांकडून मातीचे बैल करून घ्यायचे, त्यातलाच हा.

"करायला गेलात गणपती," आई म्हणाली.

"बैल आहे तो," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते रागावले होते.

मी त्या बैलाकडे बघत राहिले. बाबांची बोटं हलली म्हणून मला नाचावंसं वाटत होतं. आणि बैल इतका छान उभा राहत होता, पायाला तडा नाही, कानाचा तुकडा नाही, म्हणून तो मोडून टाकावासा वाटत होता. इतकी चिकट माती पाणी काय सोडणार! बाबांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"नापास?" त्यांनी विचारलं.

"ही वरची माती आहे. खाली काय ते खणल्यावर कळेल."

पुढच्या शनिवारी अर्धी सुट्टी घेऊन मी खणायला गेले. विहीर चढाच्या बाजूला होती म्हणून खड्डा उताराच्या बाजूला, विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका नेला. आजींच्या मुलाने पहार घातली. वर हातभर काळी चिकण माती, तिच्याखाली भातासाठीच्या वर्षानुवर्षांच्या चिखलणीने दबून घट्ट झालेला थर, आणि त्याच्याखाली पिवळसर तांबडा मुरूम. मुरूम पाणी जिरवतो, तो दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. कंबरभर खड्ड्याच्या तळाशी, त्या मुरमात, आम्ही घागर बसेल एवढा लहान खड्डा केला. परीक्षा त्याची. आदल्या दिवशी तो पाण्याने भरून ठेवायचा, आजूबाजूची जमीन पोटभर पिऊन घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा, खुणा केलेली काठी उभी करायची आणि पाणी किती वेळात किती उतरतं ते पाहायचं.

मी भरपूर पाणी ओतलं. निघताना आजींना सांगितलं, "आजी, खड्ड्यावर जरा लक्ष ठेवा हं. गुरंबिरं यायला नकोत."

"तू जा बिनघोर," त्या म्हणाल्या. "मी हाय ना."

रविवारी सकाळी गेले तर आजींच्या घराला कुलूप. त्या मुलासह शहाडला लेकीकडे गेल्याचं समोरच्या घरातून कळलं. खड्ड्यात उतरून पाहते तर लहान खड्डा काठोकाठ भरलेला. काल ओतलेलं पाणी जसंच्या तसं! तरीही मी काठी रोवली आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत खड्ड्यात बसून राहिले. गढूळ पाणी, त्यात माझंच तोंड, आणि काठीवरची खूण जिथल्या तिथे. एकदा वाटलं, मुरूम इतकं पाणी धरतो? पण माझ्या डोळ्यांसमोर तो बैल उभा होता. बैलाने आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं, असं म्हणत मी काठी उपटली आणि लांब भिरकावली. माझा राग नाकावर असतो. त्या दिवशी तो काढायला समोर माणूससुद्धा नव्हतं.

घरी आल्यावर बाबांना मीच सांगितलं. पाणी उतरत नाही, तिथे शोषखड्डा चालणार नाही, दुसरीकडे कुठे जागा बघू. ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओ लावायला विसरले, तर साडीपलीकडून आवाज आला, "रेडिओ." एवढाच शब्द. मी बटण पिरगाळलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

तो आठवडा वाईट गेला. एकच गोष्ट बरी चालली होती. उरलेल्या मातीचे बाबा बैल करत होते. ज्या मातीने त्यांचं घर बुडवलं तीच माती हातात घेऊन बसायचे, आणि तिसऱ्या बैलाला चक्क शिंगं आली. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

पुढच्या रविवारी मी खड्डा बुजवायला गेले. उघडा ठेवला तर एखाद्या गाईचा पाय मोडायचा. आजी वाटच बघत होत्या. तोंडभर हसत म्हणाल्या, "आलीस? बघलास ना तुजा खड्डा? थेंब नाय गेला."

"हो ना," मी म्हटलं. "थेंब नाही गेला."

"जाल कसा? तू गेलीस ना मी बघला, तं पानी आरदा खाली. भोक असंल म्हनून मी खाली उतरलू, चांगला चिकल तुडवला ना सगलीकरून लिंपून दिला. परत भरला पन. आता म्हैनाभर ऱ्हाल पानी."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी अशी ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. "आजी! अहो, ते पाणी जायलाच हवं होतं! जाण्यासाठीच ठेवलं होतं ते!"

आजी बघतच राहिल्या. त्यांचा सगळा जन्म पाणी अडवण्यात गेला होता. खाचरात गुडघाभर चिखल तुडवून तळ घट्ट करायचा, सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरायचं, खेकड्याने बीळ पाडलं असेल तर चिखलाचा गोळा ठोकून बुजवायचं. याच जमिनीत त्यांनी ते केलं होतं. तिथे एक शहरातली मुलगी आली, पाणी ओतून गेली, लक्ष ठेवा म्हणाली, आणि पाणी पळायला लागलं. त्यांनी या वयात कंबरभर खड्ड्यात उतरून माझं पाणी राखलं होतं. पाणी जावं असं म्हणणारं माणूस त्यांना भेटलंच नव्हतं.

"पानी जावाला खड्डा?" त्या म्हणाल्या. "कशापायी?"

आता हे सांगायचं म्हणजे आली पंचाईत. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी खड्ड्याच्या काठावर बसले आणि सगळं सांगितलं. तिसरा मजला, गॅलरी, भोक पाडलेली खुर्ची, साडीचा पडदा, रेडिओ. त्यांना एक दार हवंय, आजी. ते या मातीवर अडलंय. बोलता बोलता माझा राग कुठे गेला कळलं नाही आणि मी त्या परक्या बाईसमोर मुसमुसून रडायला लागले. घरी रडता येत नव्हतं, ते सगळं तिथे निघालं.

आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण फार वेळ नाही. काष्टा खोचला, विळा घेतला आणि त्या खड्ड्यात उतरल्या. "ये खाली. खरवड."

आम्ही दोघींनी त्यांचंच लिंपण खरवडून काढलं. काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की विळ्याने साल काढावी तसं ते सुटत होतं. आतून पुन्हा तो पिवळा मुरूम दिसला. भिंती ओरबाडून खरखरीत केल्या, तळाला थोडी खडी टाकली. पाणी भरलं. ते गेलं. पुन्हा भरलं. त्या दिवशी एवढंच. रात्री जमीन पिऊन घेईल, उद्या मोजू, असं ठरवून मी घरी गेले. बाबांना काही बोलले नाही, एकदा तोंड पोळलं होतं. सोमवारी ऑफिसला दांडी मारून परत आले, तेव्हा आजी खड्ड्यापाशी गोणपाट टाकून बसलेल्या होत्या. यावेळी कशाला हात लावला नाही, हे त्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं.

मी पाणी भरलं, नवी काठी उभी केली, घड्याळ मांडीवर ठेवलं. पाणी उतरायला लागलं. भसकन नाही, तसं गेलं असतं तर विहिरीची भीती. बेताबेताने एकेक खूण उघडी पडत गेली. आजींना ते बघणं जड जात होतं. हात शिवशिवत होते त्यांचे, मधूनच चिखलाकडे जायचे आणि परत मांडीवर यायचे. मग त्याच पाण्याला, गुरांना हाकतात तसं, हाकायला लागल्या. "जा, जा. बघतंस काय? जा खाली." शेवटची खूण उघडी पडली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींचे चिखलाचे हात धरले होते.

घरी जाऊन मी फक्त, "पास," म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटावर ओळीने ठेवलेल्या बैलांकडे. म्हणाले, "येताना आणखी माती आण. वरची."

घर उभं राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. वरची चिकण माती आम्ही कुठे फेकली नाही, अर्धी आजींच्या बांधावर गेली आणि अर्धी दर आठवड्याला दुधाच्या पिशव्यांतून तिसऱ्या मजल्यावर. शोषखड्डा मी उभी राहून मुरमापर्यंत नेला. मिस्त्री माझ्या आवाजाला वैतागला होता. सगळं ठीक चाललं होतं आणि ऐन वेळी आईने सुताराला सांगितलं, संडासाच्या दाराला आतून कडी बसवू नको.

"आत पडले म्हणजे?" ती मला म्हणाली. "मी काय दार फोडत बसू?"

तिचं खोटं नव्हतं. इतके महिने तिनेच सगळं केलं होतं, तोंड वाकडं न करता. तिला भीती वाटली तर तो तिचा हक्क होता. तरीही मी तिच्यावर ओरडले आणि ती माझ्यावर. सुतार मधल्यामध्ये बिडी ओढायला निघून गेला. शेवटी मी कडी बसवून घेतली, कमोडवर बसल्या बसल्या हात पोचेल इतकी खाली, उजव्या बाजूला. डावी बाजू भिंतीची होती, तिथे डाव्या हाताने धरायला नळी. आई म्हणाली, "उजव्या हाताने लावणार आहेत ते? लावू देत तर खरं."

बाबांना खुर्चीत बसवून चाळीतल्या चौघांनी तीन जिने खाली आणलं. सगळा मजला गॅलरीत उभा होता. खडवलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आजी तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या, घर पाहिलं, कमोड पाहून तोंडाला पदर लावून हसल्या आणि बाबांसमोर जरा सावरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत उठले. आई हात धरायला पुढे झाली, त्यांनी नको म्हटलं. सवयीने मी रेडिओकडे गेले आणि बटणावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नकाराची मान हलवली. काठी, पाय, काठी, पाय, असे ते दारापर्यंत गेले, आत गेले आणि दार लोटून घेतलं.

आम्ही दोघी बाहेर उभ्या. बराच वेळ आतून नुसतं लोखंड लोखंडाला लागल्याचा आवाज येत राहिला. कडी सरकायची, अडायची, मागे यायची. आईने दाराकडे हात नेला, तो मी धरला. पुन्हा सरकली. पुन्हा अडली. मग कडी बसली.

"अहो, लावलीत कशाला?" आई ओरडली. "पडलात म्हणजे?"

आतून बाबांचा आवाज आला, शाळेतला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"तुम्ही दोघी तिथे उभ्या राहू नका. जा, चहा ठेवा."